वरच्या कडेचा अंगठा

१२ जानेवारी

ती. ताई,

नमस्कार. तू विचारलंस म्हणून सांगतो, हो, मी जातोय. मंगळवारी आणि शुक्रवारी, सकाळी दहा ते बारा. सव्वीस वर्षं कोर्टासाठी खऱ्याखोट्या सह्या ओळखल्या आणि आता छप्पन्नाव्या वर्षी रंगपेटी पुढ्यात घेऊन बसतो. हसून घे एकदाची.

डॉक्टरांचं म्हणणं असं, की तोंडाने मी काही सांगत नाही, तर निदान चित्रातून सांगीन. हासुद्धा उपचारच आहे म्हणे. दवाखान्याच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली आहे. सहा टेबलं, रंगाचे डाग पडलेलं बेसिन, खिडकीत वाळत ठेवलेले ब्रश. एक चित्रवाल्या बाई आहेत. त्या शिकवत काहीच नाहीत. "मनात येईल ते काढा" म्हणतात आणि टेबलांमधून फिरत राहतात. चित्र झालं की मागे तारीख घालतात, कपाटात ठेवतात आणि कुलूप लावतात. तारीख आणि कुलूप, ताई. पुरावा गोळा करणारा माणूस कसा वागतो हे मला कुणी सांगायला नको.

कुठेतरी पाणी मुरतंय. मी परत खुर्चीवर बसवण्याच्या लायकीचा उरलोय का, हे कार्यालयाला हवंय आणि ते या बाईंकडून काढून घेणार. म्हणून मी एक घर काढलं. वर सूर्य, बाजूला दोन झाडं, दारात हसरा माणूस. बऱ्या झालेल्या माणसाचं चित्र कसं असेल, त्याची हुबेहूब नक्कल केली. खोट्या सह्या करणाऱ्यांकडून इतकं तरी शिकलोय.

त्या सेविकेबद्दल मी बाईंना अवाक्षर बोललो नाही. काय सांगू? एका म्हातारीने "मला दवाखान्यात हलवू नका" असं लिहून सही केली. म्हातारी गेल्यावर ती सही मी खोटी ठरवली, आणि तिची सेवा करणारी बाई चौदा महिने तुरुंगात बसली. मग कळलं की सही खरी होती. म्हातारीने उताणं पडून, कागद तोंडावर धरून ती केली होती. पेनातली शाई वर चढेना म्हणून रेघ तुटत होती. मी ते तुटणं भिंगाखाली बघितलं आणि "घाबरत केलेली नक्कल" असं लिहून दिलं. सही करताना ती बसली होती की पडली होती, हे कुणाला विचारायचं मला सुचलंच नाही.

तेव्हापासून कशावर विश्वास बसत नाही. औषधाच्या चिठ्ठीवरची डॉक्टरांची सहीसुद्धा मी उजेडासमोर धरून बघतो. फक्त तुझी पत्रं तपासत नाही, नुसती वाचतो. तेवढी एकच जागा उरलीय, म्हणून लिहीत राहा.

तुझा,
भाऊ

२० जानेवारी

भिंगोबास अनेक आशीर्वाद.

घर काय, सूर्य काय, हसरा माणूस काय. अरे, पहिलीच्या वर्गात मी पस्तीस वर्षं काढली. बाई खूश व्हाव्यात म्हणून काढलेलं चित्र मला वर्गाच्या दारातून ओळखू यायचं. तुझ्या बाईंनाही ते पाहताक्षणी कळलं असणार. त्या बोलल्या नाहीत, हा त्यांचा चांगुलपणा. बाकी लोकांना फसवायला आठवड्यातून दोनदा आंघोळ करून बाहेर पडतोस, म्हणजे तब्येतीत फरक आहे म्हणायचा.

इथे सगळं ठीक. चिरंजीवांची बोट ऑगस्टपर्यंत काही परत येत नाही. घरात मी आणि सूनबाई. तिच्याकडे वाचनालयाची फाटकी पुस्तकं बांधायला येतात, त्यामुळे ओटा सोडून सगळीकडे खळ आणि पुठ्ठे. काल तिची कात्री घेऊन दोरा कापायला गेले तर कापेचना. डावखुऱ्यांची कात्री वेगळी असते हे मला या वयात कळलं. आमच्या दोघींचं फार गुळपीठ नाही, ती मोजकंच बोलते. पण भांडणही नाही, आणि आमटी चांगली करते.

तू तपासत नाहीस म्हणून मी अक्षर बिघडवणार नाही, काळजी नको. बाईंना एकदा खरं चित्र काढून दाखव. आभाळ कोसळणार नाही.

ताई

७ फेब्रुवारी

ती. ताई,

नमस्कार. तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा मला तुझा राग आला, म्हणजे ते खरं असणार.

पण बाईंचा नवा डाव ऐक. मंगळवारी मी नदी काढली, नदीत नाव, नावेत कुटुंब. बाई बराच वेळ बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "उजवा हात फार हुशार आहे तुमचा. आज डाव्याने काढा. त्याला अजून काही लपवायला येत नसेल."

मी ब्रश खाली ठेवला. आमच्या धंद्यात संशयिताचे दोन्ही हातांचे नमुने घेतात. दोन्ही हातांचे नमुने मागणारी बाई उपचार करतेय, हे मी कसं मानू? म्हटलं, "माझा डावा हात दुखतो." त्या म्हणाल्या, "बरं." एवढंच. शेजारच्या टेबलावर एक बसचालक बसतात. समोर अपघात झाला तेव्हापासून त्यांनी चाकाला हात लावलेला नाही. ते निमूटपणे डाव्या हाताने रेघा ओढत बसले होते. बाई म्हणतात, आधी नुसत्या रेघा, मग गोल, मग जे दिसेल ते. हात शिकतो आणि मन त्याच्यामागून येतं म्हणे. मला नाही पटत. तुला काय वाटतं, कळव.

भाऊ

२१ मार्च

चि. भाऊ,

आशीर्वाद. उत्तराला उशीर झाला. चष्मा बदलायचा आहे, म्हणून अक्षर वाईट. मी बरी आहे. बाईंचं ऐक. फोन करू नकोस, नीट ऐकू येत नाही.

ताई

२९ मार्च

ती. ताई,

सहा आठवड्यांत माझी तीन पत्रं गेली आणि मला तुझ्या पाच ओळी मिळाल्या. चार वेळा फोन केला. चारही वेळा सूनबाईने उचलला आणि चारही वेळा "आई झोपल्यात" म्हणाली. त्यातला एक फोन सकाळी अकराचा होता. तू आयुष्यात सकाळी अकराला झोपलेली नाहीस.

तुझं पत्र मी तपासलं. तपासणार नव्हतो, पण मनात पाल चुकचुकली ती गप्प बसेना. तू शब्द लिहितेस आणि मग त्यावरची शिरोरेषा डावीकडून उजवीकडे एका दमात ओढतेस. पस्तीस वर्षं फळ्यावर तेच केलंस, मलाही तेच शिकवलंस. या पत्रात शिरोरेषा अक्षरागणिक तुटली आहे आणि उजवीकडून डावीकडे ओढली आहे. अक्षरं मागे झुकली आहेत. हे डाव्या हाताचं काम आहे, आणि तू उजव्या हाताची आहेस. चष्म्याने हात बदलत नाही. शिवाय "भिंगोबा" कुठे गेला?

तूच लिहिलं असशील तर मला क्षमा कर आणि एका प्रश्नाचं उत्तर दे. बाबांची खोटी सही मी आयुष्यात एकदाच केली. कुणासाठी आणि कशावर? हे तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही.

भाऊ

११ एप्रिल

भिंगोबा,

माझ्यासाठी. नववीच्या प्रगतिपुस्तकावर. गणितात बावीस. तेव्हा तू सातवीत होतास आणि सही झकास केली होतीस.

आता संशय पुरे. मी ठीक आहे. थोडे दिवस थांब, सगळं लिहीन. सूनबाईवर रागावू नकोस. ती माझं सांगितलेलंच करते.

ताई

१९ एप्रिल

सूनबाईस,

हे पत्र तुझ्या नावाने आहे, ते तूच वाच. बाकीची तर तू वाचतेसच.

प्रश्नाचं उत्तर बरोबर आलं. त्याने माझं समाधान झालं नाही, उलट झोप उडाली. अक्षर ताईचं नाही आणि माहिती ताईची आहे. याचा अर्थ ती तिच्याकडून काढून घेतली जाते. आणि "सूनबाईवर रागावू नकोस" हे वाक्य तिला स्वतःहून लिहायची काय गरज होती, हे तूच मला सांग.

घरात तिसरं माणूस नाही. तू डावखुरी आहेस. दोन्ही पत्रांच्या वरच्या कडेला निळसर अंगठा उमटलेला आहे, पुस्तकाच्या बांधणीचं कापड हाताळणाऱ्याचा असतो तसा. ताईचा अंगठा तिथे पोचायचं कारण नाही. लिहिणारा माणूस कागद खालून किंवा बाजूने धरतो.

माझी बहीण कुठे आहे आणि कशी आहे, हे मला कळलं पाहिजे. तुला विचारत बसलो तर तुला सावरायला वेळ मिळेल. म्हणून दोन्ही पत्रं, तिची जुनी पत्रं आणि माझं लेखी मत कालच तुमच्या पोलीस ठाण्याकडे पाठवलं आहे. मी रजेवर असलो तरी माझं मत अजून मत म्हणून चालतं. तू निर्दोष असशील तर तुला भ्यायचं कारण नाही.

ताईचा भाऊ

३ मे

ती. ताई,

हे पत्र तुलाच मिळेल हे मला आता माहीत आहे. कसं ते सांगतो. मधेच फाडू नकोस, पूर्ण वाच.

काल शुक्रवार. गेले दोन आठवडे मी खुशीत होतो. इतक्या दिवसांनी एक प्रकरण पाहिलं, कुठे अडखळलो नाही, मत लिहून मोकळा झालो. बाईंनी विचारलं, "आज डावा हात दुखतोय का?" म्हटलं, नाही दुखत, द्या. इतका माझा ताठा होता.

कागद मोठा होता. डाव्या हातात ब्रश धरला आणि समोरचं बेसिन काढायला गेलो तर हात ऐकेना. रेघ थरथरली, मागे झुकली. उजवा हात मी मांडीखाली दाबून धरला होता, नाहीतर तो मधे यायचा. त्यामुळे कागद सरकायला लागला. शेजारचे बसचालक उठले, टेबलाच्या पलीकडे उभे राहिले आणि त्यांनी कागद वरून धरला. मी ओढत गेलो, ते कागद सरकवत गेले. बेसिन झालं. बेसिन कसलं, फुटलेल्या माठासारखं काहीतरी. सवयीने खाली नाव लिहिलं. शिरोरेषा आपोआप उजवीकडून डावीकडे गेली आणि प्रत्येक अक्षराला तुटली.

मग माझं लक्ष वर गेलं. कागदाच्या वरच्या कडेला त्यांचा अंगठा उमटला होता, हिरव्या रंगात.

मी पिशवीतून तुझ्या पत्रांच्या प्रती काढल्या आणि बाईंच्या टेबलावर मांडल्या. ताई, जन्माच्या डावखुऱ्याची रेघ धीट असते. ती अशी चाचपडत नाही. चाचपडतो तो माझ्यासारखा, ज्याचा हात कालपरवा बदलला. आणि थरथर बाजूला ठेवली तर खाली सगळी तूच होतीस. दोन शब्दांत सोडलेली जागा तुझी, समास तुझा, ओळीच्या शेवटी अक्षरं दाटीने न बसवता पुढच्या ओळीवर जाण्याची सवय तुझी. हे मला महिनाभर दिसलं नाही. मी वेगळेपण शोधत होतो, मला वेगळेपण सापडलं.

बाईंना मी सगळं सांगितलं. सेविकेचंही सांगितलं, पहिल्यांदा. बोलता बोलता रडलो, आणि मला लाज वाटली नाही. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "ताईंचा हात कसा आहे, हे तुम्ही कुणाला विचारलंत का?"

नाही विचारलं. तुला प्रगतिपुस्तकावरची सही विचारली.

तुझ्या उजव्या हाताला काय झालंय, ताई? कधी झालं? मला का कळवलं नाहीस, हे विचारत नाही, ते मला कळतं. पोलीस ठाण्याला आजच लिहिलं आहे की माझं मत चुकीचं होतं, ते मागे घेतो. तारही केली आहे. ते पोचायच्या आत तिकडे कुणी आलं नसेल, एवढीच आशा करतो. सूनबाईला काय लिहू? तिला सांग, की मी

नको. तिचं मीच लिहीन. मला आधी धीर येऊ दे.

तुझा,
भिंगोबा

१६ मे

ती. मामांना नमस्कार.

मी तुमची भाचेसून. तुमचं ३ तारखेचं पत्र मी आईंना वाचून दाखवलं. मला एकटीला उद्देशून आलेलं तुमचं पत्र मी त्यांना दाखवलेलं नाही. यापुढेही दाखवणार नाही.

तुम्ही विचारलंत ते आधी सांगते. १४ फेब्रुवारीला सकाळी आईंना झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं जड झालं. त्यांचे शब्द मला कळतात, इतरांना कळत नाहीत, म्हणून फोनवर झोपल्यात असं सांगायचं, ही त्यांचीच आज्ञा. तुम्हाला कळवायचं नाही हीसुद्धा. म्हणायच्या, त्याने आत्ताच कुठे घराबाहेर पाऊल टाकलंय, तो परत खोलीत जाऊन बसेल. बोटीवर ह्यांनाही कळवू दिलं नाही.

दवाखान्यातून आल्यावर त्या भिंतीकडे तोंड करून पडून असायच्या. तुमचं ७ फेब्रुवारीचं पत्र उशाला होतं. ते त्यांनी मला पुन्हा वाचायला लावलं, आणि बाईंच्या डाव्या हाताच्या गोष्टीपाशी थांबवलं. दुसऱ्या दिवसापासून आम्ही बसलो. आधी रेघा, मग गोल, मग जे दिसेल ते, तुम्ही लिहिलं होतं त्याच क्रमाने. मी डावखुरी, म्हणून पेन कसं धरायचं हे मला दाखवता आलं. मी समोर बसून कागद धरायची, त्या ओढतील तसा सरकवायची. त्यांनी पहिल्यांदा कात्री काढली, माझी. मग खळीचं भांडं काढलं. चौथ्या आठवड्यात तुम्हाला पाच ओळी लिहिल्या. त्याला अडीच तास लागले. लग्नाला सहा वर्षं झाली, पण आम्ही दोघी एकमेकींशी एवढ्या कधीच बोललो नव्हतो. त्या अडीच तासांत आम्ही हसलोसुद्धा.

२६ एप्रिलला पोलीस आले. तुमची तार त्यानंतर आठ दिवसांनी आली. दोघे होते. माझे हात खळीने भरलेले होते, ते धुवायला लावले आणि दोन्ही अंगठे घेतले. दोन्ही हातांनी एकेक पान लिहून घेतलं. शेजारपाजारचे खिडकीत उभे होते. आई ओरडून सांगत होत्या, पण त्यांचे शब्द कळेनात, तेव्हा पोलिसांना वाटलं की आई घाबरल्या आहेत आणि माझ्यापासून वाचवा म्हणतायत. मला खोलीबाहेर काढलं आणि आईंना एकटीने सही करायला सांगितलं. कागद सरकला, पेन घुसून फाटला. "जुळत नाही" असं लिहून त्यांनी मला गाडीत बसवलं. दुपारपासून संध्याकाळपर्यंत मी ठाण्यात बाकावर होते. आमचे डॉक्टर येऊन सांगेपर्यंत.

आई तुमच्यावर रागावलेल्या नाहीत. तुमचं पत्र ऐकून त्या हसल्या, मग बराच वेळ रडल्या, आणि फुटलेल्या माठाची ओळ परत वाचायला सांगितली. त्या तुमच्या बहीण आहेत, त्यांनी माफ करणं साहजिक आहे. मी माफ केलेलं नाही. हे तोंडावर सांगितलेलं बरं, म्हणजे तुम्हाला शोधत बसायला नको.

त्या दिवसापासून आईंनी एक अक्षर लिहिलेलं नाही. लिहायचं आहे. मुलाला स्वतःच्या हाताने कळवायचं आहे की असं असं झालं, आणि मी आता डाव्या हाताने लिहिते. रोज सकाळी टेबलाशी जाऊन बसतात. कागद सरकतो. वजन ठेवून पाहिलं, जाड पुस्तक ठेवून पाहिलं, पण रेघेबरोबर कागद हलवावा लागतो, ते पुस्तकाला जमत नाही. मी शेजारच्या खोलीतून बघते. त्यांची आंघोळ, जेवण, औषध, मालिश सगळं मी करते आणि करत राहीन. पण कागदाला हात लावायला गेले की माझा अंगठा मला दिसतो, शाई लावून, दुसऱ्याच्या हातात धरलेला. मला ते आता जमत नाही.

म्हणून तुम्ही या. इथे खोली रिकामी आहे. सकाळी दहाला त्या टेबलाशी बसतात. मी माझ्या कामाला बसेन, आणि तुम्ही समोर बसून त्यांचा कागद धरा.

तुमची भाचेसून